खोलीचा आवाज

धाकटीने शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी मीडिया हा विषय घेतला तेव्हा आईने एकच गोष्ट विचारली होती, "त्यात लिहायचं किती आणि करून दाखवायचं किती?"

"लिहायचा एक पेपर. बाकी सगळं करून दाखवायचं."

"मग घे. करून दाखवायच्या कामात लबाडी चालत नाही."

आईचं स्वतःचं काम तसंच होतं. चष्म्याच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे ती एकोणीस वर्षं काचा घासत होती. घासताना केसभर जास्त गेलं तर काच फ्रेममधून निखळून पडते, केसभर कमी गेलं तर बसतच नाही. तिथे गोड बोलून भागत नाही. शेजारच्या काकूंनी मात्र विषयाचं नाव ऐकल्याबरोबर नाक मुरडलं होतं. "मीडिया? म्हणजे पूर आला की गुडघाभर पाण्यात छत्री घेऊन उभं राहायचं, तेच ना? त्याला दोन वर्षं कशाला लागतात?"

"कोरडं कसं राहायचं ते शिकवतात, काकू," आई म्हणाली, आणि धाकटीला इतकं हसू आलं की ती आत पळाली.

मीडियाचा वर्ग जुन्या शिवणवर्गाच्या खोलीत भरायचा. भिंतीवर अजून मापांचे तक्ते होते, टेबलांच्या फटींत टाचण्या सापडायच्या. शिकवायला होते ते सर अकरा वर्षं एका बातम्यांच्या वाहिनीत काढून आलेले. ती नोकरी का सोडली हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मुलांनी त्याच्या सात वेगवेगळ्या गोष्टी रचल्या होत्या. सर शिकवायचे मात्र असे, की घंटा झाली तरी कोणी उठायचं नाही.

एकदा त्यांनी पडद्यावर एका माणसाचा चेहरा दाखवला, मग वाफाळता वाडगा. पुन्हा तोच माणूस, मग पाळण्यातलं मूल. पुन्हा तो, आणि मग एक रिकामी खुर्ची. "काय वाटतंय याला?" वर्ग एका सुरात म्हणाला, आधी भूक, मग माया, मग दुःख. काही जणांनी तर त्याच्या अभिनयाचं कौतुकही केलं. मग सर म्हणाले, चेहऱ्याचा तुकडा तिन्ही वेळा तोच होता. एकदाच चित्रित केलेला, तीनदा लावलेला.

"म्हणजे त्याला यातलं काहीच वाटत नव्हतं?" कोणीतरी विचारलं.

"काय माहीत. पाठ खाजत असेल," सर म्हणाले, आणि वर्गात हशा पिकला.

धाकटीच्या शेजारी भिंगरी बसली होती. तिचं हे नाव पाचवीत पडलं होतं, एका जागी बसत नाही म्हणून, आणि आता तिच्या घरीसुद्धा तिला तेच म्हणायचे. भिंगरीने त्या दिवशीच्या पानावर दोन रेघा ओढल्या आणि हळूच म्हणाली, "कसली ताकद आहे गं ही!" धाकटीला मात्र त्या माणसाचं वाईट वाटत राहिलं. एवढ्या जणांनी त्याच्या मनातलं ओळखलं, आणि त्याला कोणी विचारलंच नाही.

दोघींची जोडी वर्गात ठरलेलीच होती. भिंगरीचे डोळे आणि धाकटीचे कान. धाकटीला लहानपणापासून सगळं ऐकूनच कळायचं. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं, एवढंच नव्हे तर ते माणूस भांडून आलंय की जेवून, हेही ती सांगायची. त्यामुळे कॅमेरा आणि कापाकापी भिंगरीकडे, माइक आणि आवाज धाकटीकडे. वर्षाच्या शेवटी दोघींनी मिळून सात मिनिटांची फिल्म करायची होती. विषय होता 'एक माणूस आणि त्याचं काम.' निम्मे गुण त्याचे होते, आणि सर त्यातली एक फिल्म मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. भिंगरीला पुढे हेच शिकायचं होतं. तिचे बाबा नळजोडणीची कामं घ्यायचे. त्यांचं म्हणणं होतं, आधी काहीतरी जिंकून दाखव, मग बघू.

"तुझी आई घेऊ या," भिंगरी म्हणाली. "ती काच चाकाला लावते ना, तेव्हा तिचा एक डोळा आपोआप मिटतो. मी कधीपासून बघतेय."

आता इथे दादाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

धाकटीचा दादा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. शिक्षण अर्धवट टाकून मालवाहू ट्रकवर जातो म्हणाला. बाबा म्हणाले, "हा उंबरा ओलांडलास तर परत ओलांडायचा नाही." दादाने ओलांडला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात सुरी, अर्धवट चिरलेल्या भाजीपाशी परत जायच्या बेतात. ती काहीच बोलली नाही. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि टेबलाखाली चपलेचा बंद शोधत होती, म्हणून तिने ते नुसतं ऐकलं. दाराची कडी, जिन्यातली पावलं, आणि आईच्या बाजूने काहीही नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. दादाला ते आठवड्याने कळलं. मग बरेच महिने काही नाही, आणि मग एका रविवारी सकाळी अकराला फोन वाजला. तेव्हापासून तीन महिने, दर रविवारी, अकरा म्हणजे अकरा. आई साडेदहालाच फोन घेऊन खिडकीपाशी बसायची आणि वाजला की मुद्दाम तीन वेळा वाजू द्यायची. बोलणं काय, तर तिकडे ऊन आहे का, गुडघा कसा आहे, गाडीत काय भरलंय. गोठलेल्या पाण्यावर पाय टाकावा तशी दोघं एकेक शब्द टाकायची. फोन ठेवल्यावर आई दिवसभर गुणगुणायची. त्या फोनला धक्का लागू नये म्हणून धाकटी रविवारी सकाळी घरात चालायचीसुद्धा हळू.

हे सगळं तिने भिंगरीला सांगितलं होतं. वर्गामागे पूर्वी कापडं ठेवायची अरुंद खोली होती, तिथे फिल्म जोडायचा एकुलता एक संगणक होता. दोघी एकच हेडफोन एकेका कानाला लावून बसल्या होत्या, आणि बोलता बोलता ते निघालं.

"आईने त्याला अडवलं का नाही, हे मला अजून कळत नाही," धाकटी म्हणाली. "सहा वर्षं झाली. विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि ती रडली तर? किंवा नाहीच रडली तर?"

भिंगरीने तिचा हात धरला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

"कोणाला सांगू नकोस हं."

"वेडी आहेस का? तुझ्या गळ्याची शपथ."

चित्रीकरण दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ठरलं, म्हणजे समोर गिऱ्हाईक नाही आणि गडबड नाही. तरी आवाज कमी नव्हते. धाकटीने आधी भिंतीवरचं घड्याळ काढून पुढे दुकानात मालकांच्या गादीखाली ठेवलं. मग पंखा बंद केला. मग गळका नळ चिंधीने बांधला.

"आता मलाही बाहेर काढ," आई म्हणाली. "श्वासाचा आवाज येत असेल."

"तुझा येऊ दे. तू फिल्ममध्ये आहेस."

"उपकार झाले."

पण काम सुरू झालं आणि आई खुलली. काचेवर मध्यबिंदूचा ठिपका कसा द्यायचा, ओल्या चाकावर कड कशी काढायची, आणि शेवटचा हात कोरड्या चाकावर का मारायचा, हे तिने असं सांगितलं की जणू स्वयंपाकातली युक्ती सांगतेय. "नाव काच, पण हल्ली असतं सगळं प्लास्टिक. त्याचा भुगा नाकातोंडात जातो. मालकांनी तोंडाला बांधायला दिलंय, पण बांधलं की माझाच चष्मा धुरकटतो. लोकांना दिसावं म्हणून मी आंधळी होऊ का?" भिंगरी कॅमेऱ्यामागे खुदकन हसली आणि तो तुकडा पुन्हा घ्यावा लागला.

तासाभराने सगळं संपलं. राहिला होता फक्त खोलीचा आवाज.

हा प्रकार सरांनी शिकवला होता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. म्हणून चित्रीकरण संपलं की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं आणि त्या खोलीतली नुसती शांतता एक मिनिट भरून घ्यायची. पुढे फिल्म कापताना दोन वाक्यांमध्ये भोक पडलं, तर ते या शांततेने बुजवायचं. धाकटीचं हे आवडतं काम. जेवणानंतर हात धुतल्यासारखं.

"आई, आता एक मिनिट काहीही करायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही. हे फक्त आवाजासाठी आहे."

"काही नसण्याचा आवाज?"

"हो."

"एवढं शिकवतात होय!" आई म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

धाकटीने हेडफोन लावला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालूच होता. भिंगरीने खूण केली, असू दे, बॅटरी आहे. धाकटीने मान हलवली. शांततेला चित्र लागत नाही, पण असलं तर बिघडत काही नाही.

वीस सेकंद बरी गेली. मग हेडफोनमधून धाकटीला ऐकू आलं, आईच्या घशात काहीतरी अडकलंय. तासभर उडालेला भुगा. खोकल्याची उबळ वर येत होती आणि आई ती गिळत होती. लेकीची शांतता बिघडू नये म्हणून. तिचा श्वास थांबला, नाकपुड्या ताणल्या, ओठ आत ओढले गेले, डोळे काठोकाठ भरले. हातांच्या मुठी वळल्या. धाकटी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. पन्नास. पंचावन्न. तिला वाटलं सोडून द्यावं, पण आईची नजर सांगत होती, राहू दे, होतंय. साठ झाल्यावर धाकटी "झालं!" म्हणून ओरडली आणि आई अशी खोकली, अशी खोकली, की तिघींची हसून हसून पुरेवाट झाली.

"काही नसण्यात एवढे कष्ट असतात हे माहीत नव्हतं," डोळे पुसत आई म्हणाली.

फिल्म जोडून झाल्यावर धाकटीने ती पाहिली होती. फार गोड झाली होती. तो मिटणारा डोळा, चाकावरून उडणारं पाणी, आणि शेवटी, दुसऱ्या एका दिवशी टिपलेले एक आजोबा, नवा चष्मा घालून दुकानाबाहेर रस्त्याकडे बघणारे. सरांनी पाहिली आणि म्हणाले, "सगळं चांगलंय. पण काटा नाही. घशात अडकत नाही काही. स्पर्धेला जायचं असेल तर विचार करा."

त्याच आठवड्यात धाकटीला ताप आला. भिंगरी दारातूनच आईकडे सफरचंदं देऊन गेली आणि फोनवर म्हणाली, "तू झोप. मी थोडं घट्ट करते आणि सरांना देते. माझ्यावर सोड." धाकटीने सोडलं. कोणावर सोडायचं, तर भिंगरीवरच.

सगळ्यांच्या फिल्म शाळेच्या सभागृहात दाखवायच्या होत्या, भर दुपारी, पडदे ओढून, आईवडिलांना बोलावून. त्या दिवशी सकाळी भिंगरीने पक्क्या फिल्मची लिंक पाठवली. धाकटी आईच्या ठेवणीतल्या कपड्यांना इस्त्री करत होती. एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हाताने तिने ती लिंक तशीच दादाला पुढे ढकलली. 'दादा, आई बघ कशी दिसतेय. मोठ्या आवाजात बघ, आवाज माझा आहे.' स्वतः उघडून बघितली नाही. म्हटलं, मोठ्या पडद्यावर, आईच्या शेजारी बसून बघावी.

सभागृहात आई तिसऱ्या रांगेत बसली. काकूही आल्या होत्या, भिंगरीचे बाबाही. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीतले एक पाहुणे परीक्षक म्हणून होते. चौथी फिल्म यांची होती. आईचा डोळा पडद्यावर मिटला तसे लोक कौतुकाने हसले. आईने लाजून पदराशी चाळा केला. "लोकांना दिसावं म्हणून मी आंधळी होऊ का?" या वाक्याला टाळ्या पडल्या. काकू मागून म्हणाल्या, "अगं, तू तर बोलतेस की!"

मग पडदा काळा झाला. काळ्या पडद्यावर भिंगरीचा आवाज आला, अगदी हळुवार, "तुमचा मुलगा घर सोडून गेला. तुम्ही दारात उभ्या होता. तुम्ही त्याला का अडवलं नाहीत?"

आणि आईचा चेहरा आला. पडदाभर. ताणलेल्या नाकपुड्या, आत ओढलेले ओठ, काठोकाठ भरलेले डोळे. वळलेल्या मुठी. आवाज काहीही नाही, फक्त खोलीचा. दहा सेकंद. वीस. तीस. ती बोलेल म्हणून अख्खं सभागृह थांबलं होतं, आणि ती बोलत नव्हती. कोणीतरी हुंदका दिला. मग पडदा पुन्हा काळा झाला आणि अक्षरं आली. कॅमेरा आणि संकलन यांपुढे भिंगरीचं नाव. ध्वनी यापुढे धाकटीचं.

आधी कोणी टाळी वाजवली नाही, आणि मग सगळ्यांनी वाजवली. पाहुणे उठून उभे राहिले. म्हणाले, एवढ्या वर्षांत इतकी बोलकी शांतता ऐकली नाही. ही शांतता टिपणाऱ्या मुलीचं मला विशेष कौतुक वाटतं. धाकटीकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. तिला ओरडून सांगायचं होतं, अहो, खोकला होता तो! पण ते किती हास्यास्पद वाटलं असतं. रडणाऱ्या माणसांना जाऊन कोण सांगणार, खोकला होता म्हणून.

आई टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवतात म्हणून. तिचे हात एकमेकांना लागत होते, आणि धाकटीच्या त्या कानांना त्यांचा आवाज काही येत नव्हता.

घरी जायला मायलेकी चालतच निघाल्या. कोपरा वळल्यावर आईने विचारलं, "तो प्रश्न मला कधी विचारला होता गं?"

"नाही विचारला, आई."

"मी म्हटलं, वय झालं की काय माझं. विसरले की काय." मग थोडं पुढे गेल्यावर, "मग मी अशी गप्प का बसले होते?"

"मी बसवलं होतं. तो खोलीचा आवाज होता. तुला खोकला आला होता बघ."

"हं." आई रस्त्याच्या कडेला थांबली, चपलेत खडा गेल्यासारखी. "आणि घरातलं तिला कोणी सांगितलं?"

धाकटी रस्त्याकडे बघायला लागली.

"तू सांगितलंस," आई म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं होतं.

"आई, अजून एक आहे. मी लिंक दादाला पाठवली. न बघता."

आई एवढ्या जोरात चालायला लागली की धाकटीला मागून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने भिंगरीला कापडाच्या त्या अरुंद खोलीत गाठलं. भिंगरी तिला बघून आनंदाने उठलीच होती.

"निवडली गं आपली! सरांनी आत्ताच…"

"तो प्रश्न कुठून आणलास?"

"काल काय झालं तुला? एकदम निघूनच गेलीस."

"कुठून आणलास?"

भिंगरी बसली. "तुझाच आहे. तूच म्हणाली होतीस इथे. मी शब्द बदलला नाही."

"मी तुला म्हणाले होते. इथे तू होतीस फक्त. आणि तुझ्या गळ्याची शपथ कोण म्हणालं होतं?"

"मी कोणाला सांगितलं नाही. मी फक्त…" तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती थांबली. मग एकदम उसळली, "पण खोटं काय आहे त्यात? दादा गेला नाही? तुझ्या आईने अडवलं त्याला? लोक रडले, धाकटे! तुझ्या आईला कुणी ओळखत नव्हतं, आता कुणी विसरणार नाही. आणि माझे बाबा, माहितीये, पहिल्यांदा म्हणाले की…"

"तिला खोकला आला होता. माझी शांतता बिघडू नये म्हणून तिने दाबला. तू तिथे होतीस. तू आमच्याबरोबर हसलीस."

भिंगरीने खाली बघितलं. "हो," ती म्हणाली. "पण दिसत तसं नाही ना ते."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, धाकटीच्या मनात आलं. कापणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही, केस तेवढा आपलाच असतो.

सरांकडे ती एकटीच गेली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदा डोळ्यांवर हात ठेवला. "प्रश्न नंतर भरलेला आहे हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. चांगलं झालं होतं म्हणून विचारलं नाही."

"ती फिल्म मागे घ्या, सर."

"काल संध्याकाळीच गेली. शाळेच्या नावाने. आता मागे घ्यायची तर मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागेल, आणि भिंगरीचं वर्ष…" त्यांनी हात पसरले. अकरा वर्षं वाहिनीत काढलेला माणूस, आणि चेहरा असा की कोणत्याही चित्राशेजारी लावावा.

"मग माझं नाव काढा."

"दोघींचं मिळून एक काम आहे. नाव काढलं तर तुझे निम्मे गुण जातील. विचार कर."

"जाऊ द्या," ती म्हणाली, आणि तिथेच वहीचं पान फाडून अर्ज लिहून दिला. त्या दिवसापासून ती वर्गात खिडकीकडच्या टोकाला बसायला लागली. भिंगरीने दोन दिवस तिच्यासाठी जागा धरली, तिसऱ्या दिवशी तिथे दप्तर ठेवलं.

रविवार आला. आई साडेदहाला फोन घेऊन खिडकीपाशी बसली. धाकटी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, आधीच पुसलेली. अकरा वाजले. अकरा दहा झाले. एरवी दादाचा फोन आला की त्यामागचे आवाज ऐकून धाकटी ओळखायची की गाडी कुठे उभी आहे, पेट्रोलपंपावर की बाजारात. आज मागचे नाहीत आणि पुढचेही नाहीत. साडेअकराला आईने स्वतः फोन लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. वाजत राहिला आणि बंद झाला.

थोड्या वेळाने फोन टुणकन वाजला, पण धाकटीचा. दादाने लिहिलं होतं, 'लिंक तू पाठवलीस. आईला असं दाखवलंय हे तुला माहीत होतं?'

'नव्हतं. न बघता पाठवली,' तिने लिहिलं. मग फोन घेऊन ती खिडकीपाशी धावली. "आई, माझ्याकडे ते अख्खं मिनिट आहे. शेवटी तू खोकतेस, आपण तिघी हसतो, सगळं आहे. ते त्याला पाठवते. त्याला कळेल की ते खोटं होतं."

"दाखव."

धाकटीने ऐकवलं. आईने ते डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या हसण्याशी तिच्याही ओठांना जरासं काही झालं. मग तिने फोन परत दिला.

"नको पाठवूस."

"का? खोकला खरा होता ना!"

"खोकला खराच होता गं. पण म्हणजे मी त्याला काय सांगायचं? की बाबा रे, मी गप्प नव्हते, मला नुसता खोकला आला होता? सहा वर्षं खोकला आला होता?" आई खिडकीपासून उठली आणि धाकटीसमोर खुर्ची ओढून बसली. "तुझ्या मैत्रिणीने लबाडी केली. तिचं ती बघेल. पण प्रश्न तिने आणला नव्हता. तो याच घरात होता, तुझ्याकडे होता, त्याच्याकडेही असणार. तू मला विचारायचा होतास."

"तू रडशील असं वाटलं."

"रडले असते. मग? रडून झाल्यावर माणूस सांगतोच की."

धाकटीने फोन टेबलावर ठेवला. मग हळूच, त्या दिवशी टेबलाखालून न निघालेला आवाज आत्ता काढावा तसं, तिने विचारलं. "का नाही अडवलंस?"

"लिही," आई म्हणाली. "त्याला लिही. मी सांगते तसं लिही. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस, आणि मध्ये सुधारू नकोस."

धाकटीने फोन घेतला.

"त्या दिवशी मी भाजी चिरत होते. मला वाटलं, तू कोपऱ्यापर्यंत जाशील आणि राग उतरला की येशील. तू नेहमी यायचास. म्हणून मी सुरीसुद्धा खाली ठेवली नाही." आई थांबली. "लिहिलंस?"

"हो. सुरीसुद्धा."

"चौघांचा स्वयंपाक केला. तुझं ताट झाकून ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं. तेव्हा मला कळलं की अडवायला हवं होतं. एक दिवस उशिरा कळलं."

धाकटीची अक्षरं तिलाच दिसेनात. तिने बाहीने डोळे पुसले आणि लिहीत राहिली.

"मग मी बाबांच्या धाकाने फोन केला नाही, असं मला म्हणता येईल. काकूंना मी तसंच सांगते. पण बाबा दुपारी घरी नसायचे, आणि फोन घरीच असायचा. मला लाज वाटली. जितके दिवस जास्त झाले, तितकी जास्त वाटली."

आई बोलायची थांबली.

"पुढे?"

"पुढे काही नाही. तेवढंच आहे."

"माफ कर वगैरे घालू का? नाहीतर 'तुझी आई' तरी?"

"मी म्हटलं का तसं?"

"नाही."

"मग तू कशाला घालतेस? पाठव."

धाकटीने ते एकदा मोठ्याने वाचून दाखवलं, आईने मान हलवली, आणि तिने पाठवलं. मग दोघींनी उरलेला स्वयंपाक केला, न बोलता, पण अवघडूनही नाही. आईने एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवला, पिठाचाच, आणि पाठीवर उमटलेली पांढरी बोटं बघून "अरे देवा" म्हणाली.

संध्याकाळी त्या मजकुराखाली, त्याने वाचल्याची खूण उमटली. उत्तर नव्हतं. आई दोनदा येऊन ती खूण बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने चष्मा लावला, फोन उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "सावकाश वाचत असेल."